संग्रहालयाच्या पोटातली वावटळ

जुन्या मोटारींसाठी नवं घर बांधायचं, तर सुरुवात कुठून करावी? स्टुटगार्टच्या मर्सिडीज-बेंझ संग्रहालयाला या प्रश्नाने थेट हवेच्या भौतिकशास्त्रापर्यंत नेलं.

16 सप्टेंबर 2003 रोजी इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमजवळच्या नॅशनल मोटरसायकल म्युझियमला आग लागली. कारण होतं निष्काळजीपणे टाकलेलं सिगारेटचं थोटूक. हाताला लागतील तेवढ्या गाड्या ढकलत बाहेर काढल्या गेल्या, तरी 380च्या आसपास मोटरसायकली आगीच्या तडाख्यात सापडल्या. सुदैवाने माणसं वाचली. डिसेंबर 2004 मध्ये संग्रहालय पुन्हा उघडलं. आता तिथे आग विझवणारी पाण्याच्या फवाऱ्यांची यंत्रणा होती. संग्रहालयाचं आधुनिकीकरण झालं खरं, पण त्याची किंमत आधीच मोजून झाली होती.

त्याच सुमारास जर्मनीत स्टुटगार्टमध्ये एका मोठ्या वाहन संग्रहालयाची इमारत उभी राहत होती. तिथे आगीचा आणि धुराचा विचार इमारत उभी राहण्याआधीच करावा लागला. त्यातून निघालेली युक्ती आजही थक्क करते.

कारखान्यातून बाहेर

मर्सिडीज-बेंझचं जुनं संग्रहालय 1961 मध्ये उंटरट्युर्कहाइम इथल्या कारखान्याच्या आवारातच सुरू झालं. मोटारीच्या शताब्दीच्या निमित्ताने, 1980च्या दशकात, त्याची नव्याने मांडणी झाली. तरी जागा अपुरी पडत होती. शेवटी कारखान्याच्या फाटकाबाहेर, कोणालाही सहज येता येईल अशा ठिकाणी, नवी वास्तू बांधायचं ठरलं. नेदरलँड्सच्या यूएनस्टुडिओचे बेन व्हान बेर्कल यांचा आराखडा 2002 मध्ये निवडला गेला आणि मे 2006 मध्ये इमारत खुली झाली. उंची 47.5 मीटर, नऊ पातळ्या, प्रदर्शनासाठी 16,500 चौरस मीटर जागा आणि 160 वाहनं, असा तिचा पसारा आहे.

पण तिचं खरं वेगळेपण आकड्यांत नाही, रचनेत आहे. प्रेक्षक लिफ्टने थेट वरच्या टोकाला जातात आणि उतरत्या वाटांनी फिरत खाली येतात. अशा दोन वाटा डीएनएच्या दुहेरी सर्पिलासारख्या एकमेकींभोवती गुंफलेल्या आहेत. पहिली काळाच्या क्रमाने जाते. ती सुरू होते 1886 पासून, म्हणजे कार्ल बेन्झ यांच्या तीनचाकी पेटंट मोटारीपासून आणि गॉटलीब डाइमलर यांच्या घोड्याविना चालणाऱ्या गाडीपासून. दुसऱ्या वाटेवर कामानुसार गट पाडले आहेत. प्रवासी गाड्या, मालवाहू गाड्या, संकटात धावून जाणारी वाहनं असे हे गट. वाटा अधूनमधून एकमेकींना छेदतात, तेव्हा हवी ती धरता येते. मधोमध तळापासून छतापर्यंत मोकळा चौक आहे. त्याच्या एका बाजूला उभं राहिलं की समोर दुसऱ्याच दशकातली गाडी दिसते.

धुराचं गणित

हा मोकळेपणा डोळ्यांना सुखावतो, पण अग्निसुरक्षेच्या अभियंत्याची झोप उडवतो. नेहमीच्या इमारतीत प्रत्येक मजला भिंतींनी आणि दारांनी वेगळा केलेला असतो. एका कप्प्यात आग लागली तर धूर तिथेच कोंडता येतो. इथे मजला असा वेगळा नाहीच. सगळ्या वाटा उतरत उतरत एकमेकींत मिसळतात आणि सगळ्या चौकाकडे उघडतात. खालच्या पातळीवर एका गाडीने पेट घेतला, तर तिचा धूर सगळ्या संग्रहालयात पोचू शकतो.

आगीत माणसं भाजून दगावण्यापेक्षा धुराने गुदमरून जास्त दगावतात. वस्तूंनाही धूर सोडत नाही. विजेच्या तारांवरचं पीव्हीसी जळालं की हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. हवेतल्या ओलाव्याशी त्याची गाठ पडली की हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतं आणि धातूच्या पृष्ठभागांवर बसतं. म्हणजे ज्या गाडीला ज्वाळा शिवलीही नाही, तिचं क्रोमियमचं मुलामाकाम आणि पोलादी सांगाडा पुढच्या काही दिवसांत गंजू लागतो.

धूर वर चढतो, मग छतात मोठे पंखे बसवले की भागेल, असं वाटतं. पण धूर चढता चढता भोवतालची हवा आपल्यात ओढून घेत असतो. जितका उंच जाईल तितका तो फुगतो आणि थंड होतो. उंच चौकात एक पातळी अशी येते की धूर आणि भोवतालची हवा यांच्या तापमानात फरकच उरत नाही. मग तो वर जायचा थांबतो आणि आडवा पसरतो, नेमका मधल्या मजल्यांवरच्या माणसांकडे. जो थोडा छतापर्यंत पोचतो, त्याचंही आकारमान इतकं वाढलेलं असतं की तो बाहेर फेकायला अवाढव्य पंखे लागतील.

वावटळ उभी राहते

यावर तोडगा निघाला तो असा : धूर स्वतःच्या उष्णतेवर वर जाईल अशी वाट बघायचीच नाही, त्याला ओढून न्यायचं. चौकाच्या भिंतींत 144 झोतमुखं बसवली आहेत. धोक्याच्या वेळी त्यांतून हवेचे जोरदार झोत सुटतात. या झोतांचा रोख चौकाच्या केंद्राकडे नसतो, ते सगळे कडेकडेने एकाच दिशेला वळतात. चौकातली हवा गोल फिरू लागते आणि सुमारे सात मिनिटांत तिथे खरीखुरी वावटळ उभी राहते. सुमारे 28 टन हवा तिच्यात फिरत असते. जगातली सर्वांत मोठी कृत्रिम वावटळ म्हणून गिनीज बुकात तिची नोंद झाली. उंची आहे 34.43 मीटर.

ती काम कशी करते? कपातला चहा चमच्याने जोरात ढवळला की मध्ये खळगा पडतो आणि कडेला पातळी चढते. गोल फिरणारी कोणतीही वस्तू सरळ सुटून जायला बघते. तिला वळवत ठेवायला केंद्राच्या दिशेने बल लागतं. चहात ते बल पातळीतल्या फरकातून मिळतं, तर हवेत दाबातल्या फरकातून. वावटळीच्या कडेला दाब जास्त आणि गाभ्यात कमी असतो. हा कमी दाबाचा गाभा तळापासून छतापर्यंत पसरलेला असल्याने कोणत्याही मजल्यावरचा धूर बाजूने त्याच्याकडे खेचला जातो. गाभ्यात शिरलेला धूर वर सरकत जातो आणि छतातल्या पंख्याने बाहेर टाकला जातो. तो गरम आहे की थंड, याने आता फारसा फरक पडत नाही. निसर्गातल्या वावटळीचा गाभा हवा खेचतो तो ज्या नियमाने, त्याच नियमाला इथे माणसांचा आणि वस्तूंचा जीव वाचवायला जुंपलं आहे.

पुण्यासाठी कुठला प्रश्न?

स्टुटगार्ट आपल्याला अगदीच परकं नाही. 1968 पासून मुंबई आणि स्टुटगार्ट भगिनी शहरं आहेत. मर्सिडीज-बेंझची भारतीय कंपनी 1994 मध्ये पुण्यात उभी राहिली, सुरुवातीच्या गाड्यांची जोडणी पिंपरीत टेल्कोच्या आवारात झाली आणि 2009 पासून चाकणला तिचा स्वतःचा कारखाना आहे. आकुर्डीच्या चेतक स्कूटरपासून 1998च्या इंडिकापर्यंत पुणे-पिंपरी-चाकणच्या या पट्ट्याने देशाला चाकांवर आणलं. हा वारसा जतन करणारं मोठं, शास्त्रशुद्ध वाहन संग्रहालय या पट्ट्यात व्हायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं.

मात्र तेव्हा स्टुटगार्टची इमारत जशीच्या तशी उचलून चालणार नाही. आगीची काळजी इथेही घ्यावीच लागेल, पण आपल्याकडे गाड्यांचा रोजचा शत्रू वेगळा आहे. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण 60 टक्क्यांच्या वर गेली की पोलाद गंजण्याचा वेग एकदम वाढतो. पावसाळ्यात आपल्याकडे आठवडेच्या आठवडे ती याच्या कितीतरी वर असते. त्या दिवसांत चामड्याच्या आसनांवर बुरशी धरते आणि लाकडी चौकटी फुगतात. नंतर उन्हाळ्यात त्याच चौकटी आकसून त्यांचे सांधे सैल होतात. रबराला हवेतल्या ओझोनमुळे बारीक चिरा पडतात आणि खिडकीतून येणाऱ्या अतिनील किरणांनी रंग फिके होतात. यातलं काहीच एका रात्रीत होत नाही, म्हणून ते बातमीत येत नाही. पण वीस पावसाळ्यांनंतर जे उरतं, त्याला वारसा म्हणणं कठीण जातं.

म्हणून आधुनिकीकरणाची सुरुवात काचेचा दर्शनी भाग किंवा स्पर्शपडदे इथून होऊ नये. आपल्या वस्तूंचा नाश नेमका कशाने होणार आहे, हा प्रश्न आधी विचारावा आणि त्याच्या उत्तराभोवती इमारत रचावी. स्टुटगार्टने धुराचा प्रश्न विचारला आणि मोकळ्या चौकाचं सौंदर्य न गमावता तो सोडवला. पुण्यातल्या संग्रहालयाचा पहिला प्रश्न जुलैच्या दमट हवेचा असेल. त्याचं उत्तर देणारी यंत्रणा ज्या अंदाजपत्रकात पहिल्या ओळीवर असेल, तेच संग्रहालय शंभर वर्षांनंतरही दाखवण्याजोगं काहीतरी राखून असेल.