मैदान होतं तेव्हा परवानगी नव्हती

ऑनसाइटवरून परतलेल्या मित्राच्या बॅगेतून पहिला ड्रोन पुण्याच्या हिंजवडीत आला, ते २०१४ साल. पांढराशुभ्र फँटम. त्याच्या आदल्याच वर्षी तो जगाच्या बाजारात आला होता. मे महिन्यात मुंबईत एका पिझ्झावाल्यानं लोअर परळहून वरळीच्या उंच इमारतीवर ड्रोननं पिझ्झा पोचवला, त्याचा व्हिडिओ ऑफिसातल्या प्रत्येकानं पाहिला होता. पोलिसांनी त्या पिझ्झावाल्याकडे विचारणा केली, ही बातमी मात्र फार थोड्यांनी वाचली.

पावसाळ्यातल्या एका रविवारी आम्ही चौघं माणच्या बाजूला गेलो. तेव्हा आयटी पार्कच्या फेज तीनच्या पलीकडे मोकळं रान पडलेलं असायचं. उत्साह इतका, की जीपीएसला पुरेसे उपग्रह सापडण्याचीही वाट पाहिली नाही. मुळशीकडून येणाऱ्या वाऱ्यानं ड्रोन ढकलत नेला. परत कुठे यायचं, हे आम्ही त्याला सांगितलेलंच नव्हतं. तो भाताच्या खाचरात जाऊन पडला. चिखलात उतरलो तर बांधावर एक आजोबा उभे. शिव्या बसणार असं वाटलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, “मोजणीवाले का तुम्ही?”

आम्ही हसलो. ज्या गावानं आयटी पार्कसाठी जमिनी जाताना पाहिल्या, तिथे अनोळखी माणसं यंत्र घेऊन शेतात उतरली की कुणाच्या पोटात काय कालवतं, हे कळायला बरीच वर्षं लागली.

त्याच वर्षी ऑक्टोबरात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं जाहीर केलं, की नियम होईपर्यंत कुणीही खासगी ड्रोन उडवायचा नाही. पुढची चार वर्षं आमच्याकडे मैदानच मैदान होतं, परवानगी तेवढी नव्हती. कपाटातला फँटम अधूनमधून बाहेर यायचा, हे कबूल केलं पाहिजे. त्या काळात आम्ही उडवायला शिकलो आणि लपवायलाही. दुसरी सवय मोडायला जास्त वेळ लागला.

१ डिसेंबर २०१८ला पहिले नियम लागू झाले. ‘परवानगी नाही तर उड्डाण नाही’ हे त्यांचं सूत्र. ड्रोननं उडण्याआधी सरकारी प्रणालीकडून होकार घ्यायचा, तो नसेल तर मोटरच सुरू होणार नाही. आमच्या यंत्रांत ही सोय नव्हतीच. त्याच महिन्यात माण ते शिवाजीनगर मेट्रोचं भूमिपूजन झालं. पुढे तिचे खांब उभे राहू लागले आणि आमची एकेक जागा नकाशावरून पुसली जाऊ लागली.

खरं वळण २५ ऑगस्ट २०२१चं. नव्या ड्रोन नियमांनी २५ अर्जांचे ५ केले आणि शुल्काचे ७२ प्रकार ४ वर आणले. महिन्याभरानं हिरवा, पिवळा, लाल असा हवाई नकाशा आला. विमानतळाभोवतीचं पिवळं वर्तुळ ४५ किलोमीटरवरून १२वर आलं. लोहगाव इथून सरळ रेषेत विसेक किलोमीटर, म्हणजे आधीच्या वर्तुळात हिंजवडीच काय, अख्खं पुणं होतं. आता हिरव्या पट्ट्यात १२० मीटरपर्यंत वेगळ्या परवानगीची गरज उरली नाही. लाल पट्टा आम्हाला नवा नव्हता. देहूरोडच्या दारूगोळा कोठाराभोवतीचा ‘रेड झोन’ पिंपरी-चिंचवडमध्ये घर घेणाऱ्या प्रत्येकाला पाठ असतो. तो बांधकामाचा, हा आकाशाचा. पण नकाशा उघडल्याशिवाय बॅटरी लावायची नाही, ही शिस्त त्या ओळखीच्या शब्दामुळे चटकन अंगी लागली.

फेब्रुवारी २०२२मध्ये दोन दिवसांच्या अंतरानं दोन निर्णय आले. परदेशी तयार ड्रोनची आयात बंद झाली, सुटे भाग मात्र खुले राहिले. आणि पायलट परवान्याच्या जागी प्रमाणपत्र आलं. २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनोला आणि हौसेसाठी उडवलेल्या दोन किलोपर्यंतच्या मायक्रोला तेही लागत नाही. मग आमच्यातली पोरं डाग देण्याची मशीन घेऊन बसली आणि फ्रेम, मोटर, पंखे जोडून स्वतःचे ड्रोन बनवू लागली. लिपो बॅटरी अर्धी भरून ठेवायची, फुगली तर मोह न धरता टाकायची, हे शहाणपण त्या टेबलावरचं.

एव्हाना परवानगी खिशात होती, पण मैदान गेलं होतं. शेतांच्या जागी पंचवीस-तीस मजली टॉवर आले, आणि त्यांच्यामध्ये उडवणं म्हणजे नवीच विद्या. गच्चीच्या स्लॅबमधल्या लोखंडानं होकायंत्र चकतं. काचेच्या इमारतीवर आपटून वारा उलटा फिरतो. प्रत्येक घरातलं वायफाय सिग्नलशी भांडतं. परतीची उंची आसपासच्या सर्वांत उंच टॉवरहून जास्त लावली नाही, तर घरी निघालेला ड्रोन कुणाच्या तरी बाल्कनीत शिरतो. घारींचा जाच वेगळाच. आणि बाल्कनीत उभ्या असलेल्या बाईंना तो कॅमेरा सूर्यास्त टिपतोय की त्यांना, हे खालून ओरडून पटवता येत नाही.

या संशयाचा कळस २०२४च्या पावसाळ्यात झाला. शिरूर, आंबेगाव, जुन्नर, दौंड भागात रात्री आकाशात दिवे दिसू लागले आणि चोर ड्रोननं घरं हेरतात ही भीती गावोगाव पसरली. लोक रात्र-रात्र जागले. याच जिल्ह्यातल्या पुरंदरच्या सोनोरीत काही वर्षांपूर्वी ड्रोननं गावठाणाची मोजणी झाली, लोकांना घराच्या मालकीचे कागद मिळाले, तेव्हा त्याचं कौतुक झालं होतं. यंत्र तेच. फरक इतकाच, की सोनोरीत वर काय फिरतंय हे खालच्यांना आधी सांगितलेलं होतं. मे २०२५मध्ये सीमेवरच्या तणावानंतर मुंबई पोलिसांनी महिनाभर ड्रोन बंद केले. नकाशा हिरवा असला तरी त्या आठवड्याचा पोलिस आदेश पाहावा लागतो, हा त्या वर्षाचा धडा.

आता कुणी नवा मुलगा ड्रोन घेऊन आला की मी आधी त्याला नोंदणी करायला लावतो. मग पंखे हातानं फिरवून तडे पाहायला, आणि परतीचं ठिकाण नोंदलं गेल्याशिवाय डोक्याच्या वर न न्यायला. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेनं जायचं, म्हणजे येताना वाराच घरी आणतो. ड्रोन कायम डोळ्यांना दिसला पाहिजे, स्क्रीनवर दिसून भागत नाही.

गेल्या हिवाळ्यात अशाच एकाला घेऊन मारुंजीच्या टेकडीखाली गेलो होतो. सकाळी सात, वारा पडलेला. त्यानं ड्रोन जमिनीवर ठेवला तेव्हा शेजारच्या वावरात एक काका हरभऱ्याला पाणी देत होते. “आधी तिकडे जा,” मी म्हटलं. तो गेला, काहीतरी बोलला, परत आला. पाचेक मिनिटांनी काका स्वतःच बांधावरून आले आणि स्क्रीनमध्ये वाकून आपलं रान शोधू लागले.

“मोजणी नाही ना?” त्यांनी विचारलं.

“नाही काका,” पोरगा म्हणाला. “पण तुमची विहीर वरून दाखवतो.”

या वेळी मी हसलो नाही.