कडा पुसली, गजकर्ण राहिले

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, पण गजकर्णाचे खरे दिवस त्यानंतर येतात. जूनच्या मध्यावर पाऊस सुरू होतो, उकाडा मात्र हटत नाही. कूलर चालूच असतो. त्या दमट हवेत दोरीवरची जीन्स दोन दिवस वाळत नाही आणि सकाळी तीच ओलसर जीन्स चढवून माणूस दुचाकीवर कामाला निघतो. मग जांघेत, कमरपट्ट्याखाली खाज सुटते.

गजकर्ण त्याच्या कडेवरून ओळखावे. गोल चट्टा, लालसर उठावदार कडा, तिच्यावर बारीक खवले आणि मधली कातडी बरी झाल्यासारखी. बुरशी त्वचेतले केराटिन खात बाहेर सरकते, म्हणून ती कडेलाच सापडते. डॉक्टर पात्याने तिथला कोंडा खरवडून काचपट्टीवर घेतात, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात. पेशी विरघळतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली फांद्या फुटलेले धागे दिसतात. छाती-पाठीवरची फिकट शिबं वेगळ्या बुरशीची.

कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेली ट्यूब नेमकी ही कडाच पुसते. तिच्यात बुरशीच्या औषधासोबत बहुतेकदा क्लोबेटासोलसारखे जहाल स्टेरॉइड असते. दोन दिवसांत खाज थांबते, लाली उतरते. पण स्टेरॉइडने त्वचेचा प्रतिकारच दबलेला असतो. बुरशी आत पसरत राहते. ट्यूब थांबवली की चट्टे पुन्हा उसळतात, तेही ओळखू न येणाऱ्या आकाराचे. जांघेतली कातडी पातळ होऊन कायमचे वळ पडतात. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी १४ स्टेरॉइडे चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तरी ‘खाजेची ट्यूब द्या’ एवढे म्हणणे अजूनही पुरते, ही संतापाची गोष्ट आहे.

त्यात बुरशीही बदलली. २०२० मध्ये जपानी संशोधकांनी भारतीय आणि नेपाळी रुग्णांत सापडलेल्या एका प्रजातीला ट्रायकोफायटॉन इंडोटिनी हे नाव दिले. टर्बिनाफिन या हुकमी औषधाला ती अनेकदा दाद देत नाही. २०२३ मध्ये ती न्यूयॉर्कमध्येही आढळली. अशा वेळी डॉक्टर इट्राकोनॅझोलकडे वळतात. यकृताचा किंवा हृदयाचा आजार, गरोदरपण असेल तर ते आधीच सांगावे लागते.

मलम कडेच्या बाहेर दोन सेंटिमीटरपर्यंत लावायचे, आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस. घरात आणखी कुणाला खाज असेल तर त्याचेही उपचार सोबतच व्हावेत. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा. कपडे गरम पाण्यात धुऊन उन्हात, आणि पावसाची झड लागली असेल तर उलटे करून शिवणींवरून कडक इस्त्री.