मर्सरायझिंग म्हणजे काय? कपाशीच्या वेचणीशी त्याचा संबंध

कापड दुकानात शर्टाच्या लेबलवर किंवा शिलाईच्या दोऱ्याच्या रिळावर ‘मर्सराइज्ड कॉटन’ असे लिहिलेले आपण पाहिले असेल. हा शब्द कापड प्रक्रिया उद्योगातला आहे. मात्र कारंजा, मानोरा, मंगरूळपीर भागात पिकणारा कापूस या प्रक्रियेत कसा उतरेल, हे बरेचसे आपल्या शेतातच ठरते. म्हणून या शब्दाची ओळख करून घेऊ.

प्रक्रिया कशी होते?

विणलेल्या सुती कापडावरची लव आधी जाळतात, खळ काढतात, नंतर कापड धुऊन पांढरे करतात. त्यानंतर सूत किंवा कापड ताणून धरून कॉस्टिक सोड्याच्या तीव्र द्रावणातून (साधारण १८ ते २५ टक्के) थोडा वेळ काढतात आणि स्वच्छ धुतात. यालाच मर्सरायझिंग म्हणतात. इंग्लंडमधील जॉन मर्सर यांनी १८५० मध्ये या प्रक्रियेचे पेटंट घेतले, त्यांच्यावरून हे नाव पडले. कापड ताणून धरल्यास चमक येते, हे पुढे होरेस लो यांनी दाखवले.

कापसाचा तंतू म्हणजे एक पोकळ नळी असते. बोंड फुटून तंतू वाळला की ही नळी चपटी होते आणि तिला पीळ पडतो. कॉस्टिक सोड्यात तंतूची भिंत फुगते, पीळ सुटतो आणि तंतू गोलसर होतो. त्यामुळे कापडाला चमक येते, मजबुती वाढते आणि रंग गडद बसतो.

अपक्व तंतूचे काय होते?

फुगण्यासाठी मुळात भिंत जाड असावी लागते. फूल उमलल्यापासून पहिले सुमारे तीन आठवडे तंतूची लांबी वाढते. त्यानंतरचे तीन-चार आठवडे आतून सेल्युलोजचे थर साचून भिंत जाड होते. या दुसऱ्या काळात झाडाला अन्न किंवा पाणी कमी पडले, तर तंतू लांब असूनही पोकळ राहतो. असे तंतू गुंतून बारीक गाठी होतात. मर्सरायझिंगमुळे अपक्व तंतूंचा दोष काही प्रमाणात झाकला जातो, पण भिंत जवळजवळ नसलेले मृत तंतू रंगवलेल्या कापडावर पांढऱ्या ठिपक्यांसारखे उठून दिसतात. प्रयोगशाळेत तंतूची पक्वता तपासतानाही १८ टक्के कॉस्टिक सोडाच वापरतात: पक्व तंतू फुगून काडीसारखा होतो, मृत तंतू फितीसारखा चपटाच राहतो.

खरेदीत तंतूची जाडी आणि पक्वता मायक्रोनेअर या आकड्यावरून पाहतात. मात्र हा आकडा सरासरीचा असतो. पहिल्या वेचणीच्या चांगल्या कापसात शेवटचा कवडी कापूस मिसळला, तर आकडा ठीक येऊ शकतो, दोष मात्र कापडात उघडा पडतो. अशा मिश्र मालाचा अनुभव आलेला खरेदीदार पुढच्या वेळी संपूर्ण भागातील कापसाचा भाव हात राखूनच करतो. त्यात चोख माल आणणाऱ्याचेही नुकसान होते.

शेतात काय काळजी घ्यावी?

- हलक्या जमिनीतील कोरडवाहू कपाशीला बोंडे भरताना पाण्याचा ताण बसतो. शेततळे किंवा विहिरीत पाणी असल्यास या वेळी एक संरक्षित ओलीत द्यावे.
- माती परीक्षणानुसार पालाश द्यावे. बोंडे भरताना १३:००:४५ हे विद्राव्य खत १०० ग्रॅम प्रति १० लिटर पाण्यातून फवारावे.
- तुडतुडे आणि लाल्यामुळे पाने लवकर निकामी झाली की बोंडाचे अन्न तुटते. पानांची तपासणी दर आठवड्याला करावी.
- पूर्ण फुटलेलीच बोंडे वेचावीत, तीही दव उडाल्यावर. मजुरी किलोवर असल्याने घाईत अर्धवट उमललेली बोंडेही ओढली जातात. फक्त चांगला कापूस वेचण्याचे आधीच बोलून घ्यावे आणि मजुरीत त्याचा विचार करावा.
- गुलाबी बोंडअळीने किडलेला, पिवळा पडलेला कवडी कापूस वेगळ्या गाठोड्यात ठेवावा आणि वेगळाच विकावा.
- वेचणीसाठी सुती ओटी किंवा चादर वापरावी. खताच्या प्लॅस्टिक पोत्याचा धागा सुताचा रंग घेत नाही. तो गाठीत गेला तर थेट रंगवलेल्या कापडावर दिसतो.
- कापूस वाळवून साठवावा. हमीभाव खरेदीत ओलावा ८ टक्क्यांपेक्षा जास्त असल्यास कपात होते आणि १२ टक्क्यांच्या वर माल नाकारला जातो.
- डिसेंबरअखेर पीक संपवावे. फरदडीच्या बोंडांत अपक्व तंतू जास्त मिळतात, शिवाय बोंडअळीला पुढच्या हंगामापर्यंत आसरा मिळतो.

यंदा निदान पहिल्या दोन वेचण्यांचा कापूस वेगळा ठेवून पाहा. बाजारात नेताना दोन्ही प्रतींचे नमुने सोबत न्या आणि भाव वेगवेगळा विचारा. गावातील काही शेतकऱ्यांनी मिळून एकसारखा स्वच्छ माल एकत्र नेला, तर जिनिंगवाल्याशी भावाची बोलणी करणेही सोपे जाते.