ओढल्या जाणाऱ्या वाहनातील शीतकपाट : वीजपुरवठ्याचा एक विचार

स्वतःचे इंजिन नसलेले वाहन दुसऱ्या वाहनाने ओढले जात असताना त्यातील शीतकपाटास वीज कोठून मिळावी, हा प्रश्न वरकरणी हौशी पर्यटकांचा वाटतो. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केल्याने मोटारीमागे जोडलेले फिरते घर ही कल्पना आता आपल्याकडेही अगदीच परकी राहिलेली नाही. तथापि दिवा जंक्शनवरून जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्या हाच प्रश्न दररोज सोडवीत असतात. रेल्वेचा डबा हेही ओढले जाणारे वाहनच होय. दिव्याहून एक फाटा वसईकडे व दुसरा पनवेल-रोह्यामार्गे कोकणात जातो. भोजनयानातील दूध, वातानुकूलित डब्यातील हवा आणि एखाद्या प्रवाशाच्या पिशवीतील इन्सुलिन या साऱ्यांचे भवितव्य प्रवासभर थंडावा टिकण्यावर अवलंबून असते. प्रस्तुत लेखात या डब्यांच्या आधारे सदर प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रथम मोटारीचे उदाहरण घेऊ. फिरत्या घरातील जुन्या पद्धतीचे शीतकपाट बहुधा शोषण तत्त्वावर चालते. प्लाटेन व मुंटर्स या स्वीडिश विद्यार्थ्यांनी १९२२ च्या सुमारास सिद्ध केलेल्या या यंत्रात काँप्रेसर नसतो. अमोनिया, पाणी व हायड्रोजन यांचे अभिसरण केवळ उष्णतेवर चालते. मुक्कामी ही उष्णता गॅसच्या ज्योतीने देता येते. वाहन धावत असताना मात्र, विशेषतः पेट्रोल पंपावर, पेटती ज्योत धोक्याची. म्हणून १२ व्होल्टच्या तापकाचा आश्रय घ्यावा लागतो. हा तापक १० अँपिअर प्रवाह घेतो असे मानू. मोटारीपासून कपाटापर्यंत १० मीटर अंतर व अडीच चौरस मिलिमीटर छेदाची तांब्याची तार असल्यास जाण्यायेण्याच्या २० मीटर तारेचा रोध सुमारे ०.१४ ओहम भरतो आणि जवळजवळ १.४ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. तापकाची शक्ती विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्याने ती सुमारे एकपंचमांशाहून अधिक घटते. कपाट ‘चालू’ दिसते, पण थंड होत नाही. दोष कपाटात नसून तारेच्या जाडीत आहे, हे ध्यानात न आल्याने दुरुस्तीवर निष्कारण खर्च होतो.

रेल्वेला हीच अडचण कितीतरी मोठ्या प्रमाणावर भेडसावते. जुन्या वातानुकूलित डब्यांत चाकाच्या आसाला पट्ट्यांनी जोडलेले, प्रत्येकी २५ किलोवॅटचे दोन अल्टरनेटर असतात व वीज ११० व्होल्ट एकदिश प्रवाहाच्या रूपात मिळते. २५ किलोवॅटला या दाबाने सुमारे २२७ अँपिअर प्रवाह लागतो. एवढा प्रवाह डब्यामागून डब्यात नेणे अव्यवहार्य असल्याने प्रत्येक डबा आपली वीज आपणच निर्माण करतो. इंजिनावरचे ओझे अर्थातच वाढते. वीज फुकट मिळत नाही. शिवाय चाक फिरेल तोवरच हा स्रोत चालतो. सिग्नलपाशी गाडी खोळंबली की सारी भिस्त ११०० अँपिअर-तासांच्या विद्युतघटांवर येते. हा साठा कागदावर सुमारे १२० युनिट भरतो. एकट्या शीतकपाटाला तो कित्येक दिवस पुरेल, पण त्याच घटांवर वातानुकूलन चालत असल्याने काही तासांतच तो आटतो.

यावरचा दुसरा उपाय म्हणजे गाडीच्या टोकांना डिझेल जनित्रांचे स्वतंत्र डबे जोडणे. येथे दाब ७५० व्होल्ट व प्रवाह त्रिकला असतो. तेच २५ किलोवॅट साधारण २४ अँपिअरमध्ये पोहोचतात, म्हणून एकच पुरवठा संपूर्ण गाडीला देता येतो. गाडी उभी असो वा धावती, पुरवठ्यात फरक पडत नाही. मात्र डिझेलचा खर्च, धूर आणि आवाज सोसावा लागतो. (फलाटावर अशा डब्याशेजारी उभे राहून संभाषण करणे शक्य नसते, हे प्रवाशांना ठाऊकच आहे.) तिसऱ्या पद्धतीत विद्युत इंजिनच वरच्या तारेतील २५,००० व्होल्टमधून डब्यांना वीज देते. मुंबई उपनगरी मार्गावरील १५०० व्होल्ट एकदिश प्रवाह टप्प्याटप्प्याने बदलत जाऊन २०१६ मध्ये हे परिवर्तन पूर्ण झाले. कोकण रेल्वेचे विद्युतीकरण पुरे होण्यास २०२२ उजाडले. तेव्हा दिव्याहून कोकणात जाणाऱ्या गाडीस ही सोय सलग मिळण्याची शक्यता अलीकडचीच आहे.

ही पद्धत स्वस्त व स्वच्छ आहे, यात शंका नाही. परंतु तारेत ठिकठिकाणी तटस्थ खंड असतात व तेथे पुरवठा काही क्षण तुटतो. दिव्यांना त्याचे काही वाटत नाही. काँप्रेसरला मात्र वाटते. नळ्यांतील दाब समान होण्याआधी तो पुन्हा सुरू केल्यास अडकतो, म्हणून काही मिनिटांचा विलंब योजावा लागतो. तार तुटल्यास तर सर्वच थांबते. अशा गाड्यांना एक जनित्राचा डबा राखीव ठेवतात, तो प्रस्तुत लेखकाच्या मते काढून टाकू नये.

विजेऐवजी थंडावाच साठविण्याचा मार्ग या चर्चेत सहसा मागे पडतो. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता शोषतो. पेटीत ३० वॅट वेगाने उष्णता शिरत असेल, तर १० किलो बर्फ तिला सुमारे ३१ तास थोपवून धरतो. दिवा ते सावंतवाडी प्रवासास हे पुरून उरते. लसीकरण कार्यक्रमातील बर्फाचे अस्तर असलेली शीतकपाटे याच तत्त्वावर दिवसातून आठ तास वीज मिळाली तरी २ ते ८ अंश सेल्सिअस तापमान राखतात. लसवाहक पेटीत तर वीज मुळीच नसते, फक्त चार बर्फपट्ट्या असतात. त्या थेट गोठणकपाटातून काढून ठेवत नाहीत, कारण काही लसी गोठल्या तर निकामी होतात. हलविल्यावर आत पाण्याचा आवाज येईपर्यंत त्या बाहेर ठेवाव्या लागतात. इन्सुलिनही गोठल्यास वापरण्याजोगे राहत नाही, म्हणून प्रवासात त्याची कुपी बर्फाला चिकटू न देता मध्ये कापडाचा थर ठेवावा.