घसरणारं चाक आणि तुटणारा दात

गेल्या डिसेंबरात माझा भाचा मिशिगनहून पुण्याला आला होता. चहा झाल्यावर त्यानं खिशातून रुमालात बांधलेली एक वस्तू काढून माझ्यापुढे ठेवली. गिअरचा तुटलेला दात होता तो! "मामा, तुम्ही जन्मभर गिअरच केलेत. हा का तुटला, तेवढं सांगा," तो म्हणाला.

हकीकत अशी. त्यानं चार वर्षं पैसे साठवून एक जुनी स्पोर्ट्स कार घेतली होती. टर्बो इंजिन, हातानं बदलायचे गिअर आणि चारही चाकांना ताकद. दोन हिवाळे त्यानं ती बर्फात मनसोक्त चालवली, काही झालं नाही. मग उन्हाळ्यात, कोरड्या रस्त्यावर, सिग्नल हिरवा होताच त्यानं इंजिन पाच हजार फेऱ्यांवर नेऊन क्लचवरचा पाय झटकन उचलला. खाडकन आवाज आला आणि गाडी जागेवरच राहिली. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या जवळपास निम्मा! बर्फात टिकलेला गिअरबॉक्स चांगल्या रस्त्यावर तुटतो, हे त्याला कोडं वाटत होतं. खरं तर उत्तर त्या कोड्यातच आहे.

आधी एक घरचं उदाहरण सांगतो. सांगली जिल्ह्यात आमची थोडी शेती आहे. ट्रॅक्टरच्या रोटाव्हेटरला ताकद नेणाऱ्या शाफ्टमध्ये एक साधा, मऊ बोल्ट असतो. पात्यांना दगड लागला की तो तुटतो, नवा घालायचा आणि पुढं जायचं. एका हंगामात तो सारखा तुटू लागला म्हणून मी, मोठा इंजिनिअर, कारखान्यातला कडक पोलादाचा बोल्ट घेऊन गेलो. बोल्ट पुन्हा तुटला नाही. तिसऱ्या दिवशी गिअरबॉक्स फुटला. त्या मऊ बोल्टचं कामच तुटण्याचं होतं, हे मला हजारो रुपये मोजून कळलं.

गाडीतही असा एक 'मऊ बोल्ट' असतो, तो म्हणजे रस्त्यावर घसरणारं चाक. थोडा हिशेब करू. गाडीचं वजन १,४०० किलो आणि इंजिनाचा पीळ, म्हणजे टॉर्क, ३०० न्यूटन-मीटर धरा. पहिल्या गिअरमध्ये तो साधारण साडेतीन पट होतो, पुढं फायनल ड्राइव्हमध्ये आणखी चार पट. म्हणजे चाकांपाशी ४,२०० न्यूटन-मीटर. कोरड्या डांबरावर चांगले टायर साधारण आपल्यावरच्या भाराइतकं बल पेलतात. टायरची त्रिज्या ३० सेंटिमीटर धरली, तर चारही चाकं मिळून सुमारे ४,१०० न्यूटन-मीटर पेलतील. दोनच चाकांना ताकद असेल, तर ढोबळमानानं त्याच्या निम्मंच.

आता तुम्ही म्हणाल, पकड जास्त म्हणजे चांगलंच की! वेगासाठी चांगलं, गिअरसाठी नव्हे. दोन चाकांच्या गाडीत क्लच झटक्यात सोडला, की निम्म्या भारालाच चाकं जागच्या जागी फिरतात. टायर जळतो, दात वाचतो. चारही चाकं रस्ता घट्ट धरून बसली, की तोच झटका जायला वाट उरत नाही, आणि दातांवर जवळपास दुप्पट भार येतो. त्यात फ्लायव्हीलमध्ये साठलेली ऊर्जा फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. अडीच हजारांऐवजी पाच हजार फेऱ्या केल्या, की ती चौपट. कडक झालेल्या बर्फावर पकड मात्र कोरड्या डांबराच्या साधारण पाव हिस्सा. तिथं चारही चाकं घसरत होती, म्हणूनच भाच्याचा गिअरबॉक्स दोन हिवाळे सुखरूप राहिला.

चारही चाकांना ताकद देण्याची कल्पना जुनी असली, तरी वेगवान गाड्यांच्या जगात तिला मान मिळाला तो १९८० साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात आलेल्या ऑडी क्वाट्रोमुळे. पुढं रॅलीच्या शर्यतींत सुबारू इम्प्रेझा आणि मित्सुबिशी लान्सर इव्होल्यूशन या जपानी गाड्यांनी नाव काढलं. १९९५ साली कॉलिन मॅक्रे इम्प्रेझातून जगज्जेता झाला. १९९६ ते १९९९ अशी सलग चार वर्षं टॉमी मॅकिनेननं लान्सरमधून तो मान मिळवला. त्यांच्या रस्त्यावरच्या आवृत्त्या तरुणांनी उचलून धरल्या.

ताकद वाढली तसे गिअरबॉक्सही बदलले. २००० साली सुबारूनं इम्प्रेझाच्या एसटीआय या दणकट आवृत्तीला सहा गिअरचा नवा बॉक्स दिला. पाचाचे सहा झाले ही त्यातली दुय्यम गोष्ट. त्याचे दात, शाफ्ट आणि केसिंग हे सगळंच अधिक भक्कम होतं, आणि त्यापायी वाढलेलं वजनही कंपनीनं पत्करलं. उलट २००७ च्या दहाव्या लान्सर इव्होल्यूशनला मॅन्युअलमध्ये पाचच गिअर होते. तेवढ्याच जागेत कमी गिअर असले, तर प्रत्येकाला अधिक रुंदी देता येते. तेव्हा गिअर किती, यावरून टिकाऊपणा ठरत नाही.

केसिंगचं महत्त्व लोकांच्या लक्षात येत नाही. एकमेकांत गुंतलेले दोन गिअर भार आला की परस्परांना दूर ढकलतात. शाफ्ट वाकतात, ॲल्युमिनियमचं केसिंग किंचित फाकतं. मग दात पुरत्या रुंदीनं न टेकता कडेला टेकतात, आणि सगळा भार त्या टोकावर येतो.

आता तो रुमालातला दात. मी भिंग लावून पाहिलं. तुटलेल्या जागेचा अर्धा भाग गुळगुळीत होता, त्यावर शिंपल्यावर असतात तशा बारीक रेषा. उरलेला अर्धा दाणेदार आणि चकचकीत. मी भाच्याला म्हटलं, "अरे, हा त्या दिवशी तुटला नाही. त्या दिवशी नुसता सुटला." दाताच्या मुळाशी केसासारखी चीर पडते आणि प्रत्येक झटक्यागणिक थोडी पुढं सरकते. भार दुप्पट केला, तर दाताचं आयुष्य निम्मं होत नाही, कितीतरी पटींनी घटतं. हे झटके काही त्याचे, काही बहुधा आधीच्या मालकाचे. गाडीचा यात दोष नव्हता.

मग करायचं काय? चाक घसरत नसेल, तर घसरण्याचं काम क्लचला करू द्यावं. कमी फेऱ्यांवर, पाय हळूहळू उचलत निघावं. क्लचप्लेट झिजते, पण ती झिजण्यासाठीच असते. गिअरचं तेल वेळेवर बदलावं. काढलेल्या तेलात बारीक भुकटी चालते, पण चमकणारे तुकडे दिसले तर गाडी खोलून बघावी. चारही टायर एकाच मापाचे, सारखे झिजलेले असावेत, नाहीतर मधला डिफरन्शियल विनाकारण राबत राहतो. आणि जुनी गाडी घेताना प्रत्येक गिअरमध्ये चालवून, खिडक्या बंद करून कान द्यावा.

भाच्यानं नव्या गिअरबॉक्सबरोबर शर्यतीचा कडक क्लच बसवायचं ठरवलं होतं. "म्हणजे पुन्हा काही घसरायलाच नको," तो म्हणाला. मी त्याला रोटाव्हेटरची गोष्ट सांगितली. तो थोडा वेळ गप्प बसला. मग दात रुमालात गुंडाळला आणि म्हणाला, "मामा, क्लच आहे तोच ठेवतो."