वाटेवरचा विसावा

सरळसोट मोटाररस्त्यावर चालकाचा खरा वैरी खड्डा नव्हे, डुलकी! म्हणूनच विलायतेतील वाहतुकीचे नियमपुस्तक सांगते, दर दोन तासांनी निदान १५ मिनिटे थांबा.

माझ्या भाच्याला हे वेदवाक्य. मला आणि आपल्या दोन लेकरांना घेऊन लंडनहून वेल्सला निघालेला हा गृहस्थ मध्येच एम-४ सोडून विल्टशरमधील एव्हबरी गावी वळला.

"मामा, तासभर उशिरा पोचू, पण पोचू!"

या गावाची काही घरे चक्क साडेचार हजार वर्षांच्या शिळावर्तुळात आहेत. शिळांभोवती मेंढ्या चरत होत्या. आम्ही पायवाटेने सिल्बरी टेकडीकडे निघालो. ही ३० मीटरहून उंच टेकडी माणसांनी रचलेली! शेत एकाचे, पण वाट सर्वांची. १९४९ च्या कायद्याने अशा वाटा नकाशावर नोंदवण्याची सोय केली. तासाभराच्या चालीने आखडलेले पाय मोकळे झाले, डोळ्यांवरची झापड उडाली.

परतल्यावर वर्तुळातल्याच 'रेड लायन' पबात शिरलो. पब म्हणजे गुत्ता नव्हे बरे का, वाचकहो! ती गावची चावडीच. गल्ल्यापाशी जाऊन मागायचे, तिथेच पैसे मोजायचे.

मी अर्धा पाइंट बिअर घेतली, भाच्याने सोडा-लिंबू. ब्रिटनने १९६७ साली चालकाच्या रक्तातील मद्यार्काची मर्यादा १०० मिलिलिटरला ८० मिलिग्रॅम ठरवली. भाच्याची मर्यादा शून्य!

"मागे लेकरं बसतात, मामा," एवढेच तो म्हणाला.