अवघड, अडचणीचं, अशक्य

सकाळी ६
थर्ड्स आणि टेन्थ्सच्या स्केल्स. ब्राम्सचा डी मेजर व्हायोलिन कन्चेर्टो वाजवायला घेतला की दिवस डबल स्टॉप्सनेच, म्हणजे दोन तारा एकदम वाजवतच, उजाडतो. टेन्थसाठी पहिलं बोट मागे आणि चौथं पुढे ताणावं लागतं. घाई केली तर मनगट दुखावतं, म्हणून लय संथ ठेवते आणि मधूनमधून हात खाली सोडते.

८
पहिल्या मूव्हमेंटमधला सोलो व्हायोलिनचा प्रवेश. बराच वेळ वाद्यवृंद वाजतो आणि मग व्हायोलिन डी मायनरमध्ये उसळून येतं. बो कुठे वळवायचा हे पेन्सिलीने लिहिते, खोडते, पुन्हा लिहिते.

१०
चहा आणि ब्राम्स-योआखिम पत्रव्यवहार. १८७८ च्या ऑगस्टमध्ये ऑस्ट्रियातल्या पोर्चाखहून ब्राम्सने सोलो भागाची पानं व्हायोलिनवादक मित्र योझेफ योआखिमला पाठवली. ब्राम्स स्वतः पियानोवादक. त्याने मित्राला विनवलं, की भीड न ठेवता दुरुस्त कर. निदान अवघड, अडचणीचं, अशक्य एवढं तरी पानावर लिही. योआखिमने कळवलं, की बरंचसं वाजवता येण्यासारखं आहे, पण तापलेल्या सभागृहात ते सहज वाजेल का, हे आताच सांगता येणार नाही. मुंबईच्या मे महिन्यात घामेजलेली बोटं तारेवर घसरतात, तेव्हा त्या शंकेतलं शहाणपण पटतं.

११.३०
एका तरुण संगीतकार मुलीची नवी रचना तपासायला घेते. तेच तीन शेरे वापरते, कारण प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे. अवघड ते वादकाने शिकायचं. अडचणीचं ते दोघांनी मिळून बदलायचं. अशक्य ते संगीतकाराने नव्याने लिहायचं.

दुपारी ३
पियानोच्या साथीने शेवटची मूव्हमेंट. हंगेरियन ढंगाची ही धून थर्ड्समध्ये सुरू होते. योआखिम जन्माने हंगेरियन, आणि त्याने आपला हंगेरियन शैलीतला कन्चेर्टो ब्राम्सलाच अर्पण केला होता. 'फार वेगात नको' ही टेम्पोची सूचना योआखिमच्या सांगण्यावरून आली. आज आम्ही ती मोडून पाहिली. धून नुसती पळाली, नाचली नाही. पुन्हा मूळ लयीवर आलो.

सायंकाळी ६
ती मुलगी आली. शेरे पाहून तिचा चेहरा उतरला.
"ताई, हे अवघड लिहिलंय ते काढून टाकू?"
"अजिबात नको. ते मी बसवते. हे खालचं अडचणीचं आहे, ते बघ. एक स्वर दुसऱ्या तारेवर घेतला तर तुझा कॉर्ड मोकळा वाजेल."
मी दोन्ही तऱ्हा वाजवून दाखवल्या. तिने तिसरीच लिहिली, आणि तीच सर्वांत चांगली निघाली.

रात्री ९
उरलेले शेरे कारणांसह लिहून काढते. १ जानेवारी १८७९ रोजी लाइपझिगमध्ये योआखिमने कन्चेर्टो पहिल्यांदा वाजवला, ब्राम्सने संचालन केलं. तरीही त्यानंतर छपाईपर्यंत पत्रं आणि दुरुस्त्या चालूच राहिल्या. ब्राम्सने मित्राचं काही ऐकलं, बरंच बाजूलाही ठेवलं. आणि योआखिम ती रचना वाजवतच राहिला. वादकाने निर्भीडपणे सांगावं, निर्णय संगीतकाराने घ्यावा, आणि जे ठरेल ते वादकाने जीव ओतून वाजवावं. मुलीच्या पानावर शेवटी एवढंच लिहिते: हा कॉर्ड ठेव, मी सराव करते.